भाकरीतलं लोह : जीलॉट्स हिलपासून राहुरीपर्यंत

मेडनहेडहून दक्षिणेला ब्रॅकनेलच्या रस्त्याला लागलं की पाच-सहा मैलांवर जीलॉट्स हिल नावाचं एक छोटंसं ठिकाण लागतं. दोन्ही बाजूंना शेतं, मधेच काचेची घरं आणि काही इमारती. आपल्यापैकी अनेकजण त्या रस्त्यावरून रोज कामाला जात असतील, पण तिथे काय चालतं याचा फारसा विचार कुणी केला नसेल. १९२०च्या दशकाच्या अखेरीस आय.सी.आय. या प्रसिद्ध रसायन कंपनीने इथे शेती संशोधन केंद्र सुरू केलं. पुढे कंपन्यांची नावं बदलत गेली आणि २००० साली हे केंद्र सिंजेंटा या नव्या कंपनीकडे आलं. जगभरच्या भातखाऊ लोकांच्या चर्चेत आलेला 'सोनेरी तांदूळ' ज्या रूपात आज ओळखला जातो, ते रूप त्याला या आपल्या शेजारच्या टेकडीवर मिळालं!

अन्नधान्याचं उत्पादन वाढवण्याचा इतिहास आपण शाळेत शिकलो. हरितक्रांती, बोरलॉग, संकरित वाण ही नावं पाठ आहेत. पण धान्य पोटभर मिळूनही त्यातून लोह, जस्त, जीवनसत्त्वं पुरेशी मिळतात का, या प्रश्नाचा इतिहास मात्र फारसा कुणी सांगत नाही. हा इतिहास इंग्लंड आणि महाराष्ट्र या आपल्या दोन्ही घरांतून जातो. म्हणूनच या अंकासाठी हा विषय घेतला.

खडू घातलेलं पीठ

सुरुवात आपल्या स्वयंपाकघरातूनच करू. इंडियन दुकानातून आपण चपातीच्या पिठाची दहा किलोची पिशवी आणतो. 'होलमील' सोडून 'मीडियम' किंवा 'व्हाइट' असं लिहिलेली पिशवी असेल, तर तिच्या मागची बारीक अक्षरं वाचून पाहा. गव्हाच्या पिठासोबत कॅल्शियम कार्बोनेट, लोह, नायसिन आणि थायमिन असं लिहिलेलं असतं. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे साध्या मराठीत खडू. आपण इतकी वर्षं खडू घातलेल्या चपात्या खात आलो, आणि त्यात काही वाईट नाही!

हा खडू दुसऱ्या महायुद्धात पिठात आला. जर्मन पाणबुड्यांमुळे बाहेरून येणारा गहू कमी पडू लागला, तेव्हा ब्रिटिश सरकारने गव्हातला कोंडा कमी काढून जास्त पीठ मिळवायचं ठरवलं. १९४२ पासून देशभर करड्या रंगाचा 'नॅशनल लोफ' मिळू लागला. रॉबर्ट मॅकॅन्स आणि एल्सी विडोसन या शास्त्रज्ञांच्या जोडीने स्वतःवर आणि आपल्या सहकाऱ्यांवर प्रयोग करून पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की कोंड्यातल्या फायटिक आम्लामुळे अन्नातलं कॅल्शियम शरीरात नीट शोषलं जात नाही. त्यावरचा साधा उपाय म्हणजे पिठात थोडा खडू मिसळणं. युद्ध संपलं, रेशन संपलं, पांढरा पाव परत आला, पण नियम राहिला. १९५०च्या दशकापासून पांढऱ्या पिठात लोह आणि ब गटातली दोन जीवनसत्त्वं घालणंही सक्तीचं झालं. कोंडा काढताना जे जातं, त्यातलं थोडं परत करायचं, असा त्यामागचा सरळ हिशेब. १९९८च्या नियमांनुसार १०० ग्रॅम पिठात निदान १.६५ मिलिग्रॅम लोह असावं लागतं. होलमील पिठाला मात्र हे नियम लागू नाहीत, कारण त्यात कोंडा आहेच.

फायटिक आम्लाची ही गोष्ट पुढे थेट आपल्या लोकांच्या दारात आली. १९६०च्या दशकात ग्लासगोमध्ये भारतीय-पाकिस्तानी कुटुंबांतल्या मुलांत मुडदूस दिसू लागला. कमी ऊन हे त्याचं मोठं कारण, पण काही डॉक्टरांनी चपातीतल्या फायटिक आम्लाकडेही बोट दाखवलं. चपातीच्या पिठात ड जीवनसत्त्व घालावं का, यावर १९७०च्या दशकात प्रयोग झाले, पण तसा नियम काही झाला नाही. त्याऐवजी १९८१ मध्ये मुडदूस थांबवण्याची मोहीम निघाली आणि आया-मुलांना ड जीवनसत्त्वाचे थेंब-गोळ्या देण्यावर भर दिला गेला. आपल्या आधी इथे आलेल्या पिढीने थंडीबरोबर हेही सोसलं, याची आठवण ठेवायला हवी.

परळहून आलेलं औषध

आता मुंबईला जाऊ. १९२८ साली लूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर बोटीने मुंबईला पोचली. तिथल्या गरोदर स्त्रियांमध्ये एक विचित्र पंडुरोग दिसत होता. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी, पण आकाराने मोठ्या. गिरणगावातल्या कापड गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांमध्ये त्याचं प्रमाण पुष्कळ होतं आणि बाळंतपणात अनेकजणी दगावत. माता मृत्यूंची चौकशी करणाऱ्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या कामात सहभागी होऊन लूसी विल्सने परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन सुरू केलं.

आधी जंतूंचा संशय होता. तो खरा ठरला नाही. मग तिने या बायका काय खातात ते पाहिलं. जेवणात भाजीपाला, फळं फार कमी. तिने उंदरांवर आणि नंतर माकडांवर प्रयोग केले. मार्माइट, म्हणजे यीस्टचा तो काळा, खारट अर्क, दिल्यावर माकडांची प्रकृती सुधारली. मग तोच अर्क रुग्ण स्त्रियांना दिला, आणि त्यांचं रक्त भराभर सुधारू लागलं. हे निष्कर्ष १९३१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आले. यीस्टमधल्या त्या अज्ञात द्रव्याला बरीच वर्षं 'विल्स फॅक्टर' म्हणत. ते द्रव्य म्हणजेच फोलेट. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं गेलं आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक आम्ल हे नाव पडलं.

इथल्या घराघरात ब्रेडवर फासलं जाणारं मार्माइट आपल्या मुलांना आवडो न आवडो, पण गिरणगावातल्या कितीतरी बायकांचे प्राण त्याने वाचवले आहेत!

या गोष्टीचा शेवट ब्रिटनमध्ये अजून चालूच आहे. गरोदरपणाआधी आणि सुरुवातीच्या आठवड्यांत फोलिक आम्ल घेतलं तर बाळाच्या मज्जारज्जूचे दोष बऱ्याच प्रमाणात टळतात, हे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश संशोधनाने सिद्ध केलं. तरी पिठात ते घालायचं की नाही यावर इथे तीस वर्षं चर्चा झाली. अखेर २०२१ मध्ये निर्णय झाला, २०२४ मध्ये नियम झाले आणि अंमलबजावणीची तारीख ठरली १३ डिसेंबर २०२६. पण इथे एक गोष्ट आपल्या लेकी-सुनांना जरूर सांगावी. हा नियमही होलमील पिठाला लागू नाही. ज्या घरात रोज होलमील आट्याच्याच चपात्या होतात, त्या घरात पिठातून हे फोलिक आम्ल येणार नाही. शिवाय पीठ कुठलंही वापरलं तरी बाळाचा विचार करणाऱ्या स्त्रियांनी रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी, हा सल्ला कायम आहे.

धान्य वाढलं, सत्त्व घटलं

गिरणीत किंवा डब्यात वरून काही घालणं हा एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे दाणाच सकस पिकवणं. त्याला आता मराठी कृषी साहित्यात 'जैवसंपृक्त' धान्य म्हणतात. शब्द जरा जड आहे, पण अर्थ सोपा. बियाण्याची निवड करून किंवा खतातून, झाडानेच दाण्यात अधिक लोह, जस्त साठवावं अशी व्यवस्था करायची.

पण मुळात धान्य निःसत्त्व झालं का? 'आमच्या वेळचं धान्य वेगळंच होतं' असं आपले आजी-आजोबा म्हणत, तेव्हा आपण हसण्यावारी नेत असू. या प्रश्नाचं एक उत्तर आपल्याकडून तासाभराच्या अंतरावर, हार्पेंडनच्या रॉथमस्टेड केंद्रात मिळालं. तिथल्या ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात १८४३ पासून दरवर्षी गहू पेरला जातो आणि प्रत्येक वर्षीचे दाणे व मातीचे नमुने बाटल्यांत जपून ठेवले जातात. २००८ साली शास्त्रज्ञांनी या जुन्या बाटल्या उघडून दाणे तपासले. १८४५ पासून १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत दाण्यातलं जस्त, लोह, तांबं साधारण तेवढंच राहिलं होतं. १९६८ पासून तिथे बुटके, भरघोस उत्पन्न देणारे वाण आले, आणि त्यानंतर हे प्रमाण घसरत गेलं. मातीतली खनिजं मात्र कमी झाली नव्हती! म्हणजे दोष जमिनीचा नव्हता. कणसात स्टार्च वाढला, खनिजं त्या मानाने वाढली नाहीत, आणि दाण्यात ती विरळ झाली. आजी अगदीच चुकीचं बोलत नव्हती.

याचा अर्थ हरितक्रांती चूक होती असा नाही. १९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, रेशनवरचा तांबडा मिलो ज्यांनी खाल्ला आणि दुष्काळी कामावरची सुकडी ज्यांना आठवते, ते तसं कधीच म्हणणार नाहीत. आधी पोट भरायला हवं होतं. मात्र पोट भरल्यावर पुढचा प्रश्न विचारायला आपल्याला फार उशीर झाला.

खतातून खनिज देण्याचं उत्तम उदाहरण फिनलंडचं. तिथल्या जमिनीत सेलेनियम कमी, म्हणून १९८४ साली त्यांनी देशभरच्या खतांतच ते मिसळायचं ठरवलं आणि लोकांच्या रक्तातलं सेलेनियम वाढलं. ब्रिटनमध्ये पूर्वी पावासाठी सेलेनियमने समृद्ध असा उत्तर अमेरिकेतला गहू यायचा. १९७०च्या दशकानंतर तो कमी होऊन युरोपचा गहू आला, तसं लोकांच्या आहारातलं सेलेनियम घटलं. नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी गव्हाला हेक्टरी अवघं १० ग्रॅम सेलेनियम देऊन पाहिलं, तर दाण्यातलं प्रमाण सुमारे दसपट झालं. चिमूटभर खनिज, पण परिणाम केवढा!

सोनेरी तांदूळ आणि जीलॉट्स हिल

बियाण्याच्या मार्गाने सर्वांत जास्त गाजला तो सोनेरी तांदूळ. इंगो पोट्रिकस आणि पीटर बायर या दोन प्राध्यापकांनी डॅफोडिलच्या फुलातलं आणि एका जिवाणूतलं जनुक भातात घालून, दाण्यात अ जीवनसत्त्वाचा पूर्वघटक बीटा-कॅरोटिन तयार करून दाखवला. साल होतं २०००. पण त्याचं प्रमाण फार थोडं, ग्रॅमला १.६ मायक्रोग्रॅमच्या आसपास. जीलॉट्स हिलच्या जॅकलिन पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला की अडचण कुठे आहे. डॅफोडिलचं जनुक कमी पडत होतं. त्याऐवजी मक्याचं जनुक वापरल्यावर हे प्रमाण ग्रॅमला ३७ मायक्रोग्रॅमपर्यंत, म्हणजे २३ पट वाढलं. हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झालं. मार्च-एप्रिलमध्ये मेडनहेडच्या रस्त्यांकडेला डॅफोडिल फुलतात, तेव्हा ही गोष्ट आठवायला हरकत नाही.

पुढे मात्र या तांदळाची वाट बिकट झाली. जनुकबदल केलेलं पीक म्हणून जगभर विरोध झाला. फिलिपाइन्सने २०२१ मध्ये लागवडीला परवानगी दिली, ती तिथल्या न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केली. प्रयोगशाळेतलं यश आणि ताटातलं यश यांत किती अंतर असतं, याचं हे उदाहरण.

टोगोची बाजरी, राहुरीचं बियाणं

याच काळात कसलाही गाजावाजा न होता महाराष्ट्रात एक काम चाललं होतं. तेही बीज निवडण्याच्या जुन्याच पद्धतीने, जनुकबदल न करता.

खानदेश, नाशिक, नगर, सोलापूर, मराठवाडा. पाऊस कमी, जमीन हलकी, तिथे बाजरी. थंडीच्या दिवसांत चुलीवरची टम्म फुगलेली भाकरी, वर लोण्याचा गोळा, शेजारी ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा. भोगीला तीळ लावलेली भाकरी आणि मिसळीची भाजी. हे वाचतानाच तोंडाला पाणी सुटलं असेल! ही बाजरी मूळची आफ्रिकेतली. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि इथलीच झाली.

१९६५ मध्ये लुधियानाला डॉ. दिलबागसिंग अटवाल यांनी एच.बी.-१ हा पहिला संकरित वाण काढला आणि बाजरीचं उत्पन्न वाढलं. पण १९७०च्या दशकात गोसावी म्हणजेच केवडा या रोगाने संकरित बाजरीचे मळेच्या मळे बसवले. कणसात दाण्याऐवजी हिरवा पालाच यायचा. रोगाला दाद न देणारं बियाणं हवं होतं. हैदराबादजवळ पाटनचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिथे पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या उत्तर भागातून आणलेली एक गावरान बाजरी होती. दाणा टपोरा, पीक लवकर येणारं, रोगाला टिकणारं. त्या प्रकाराला तिकडे 'इनियाडी' म्हणतात. त्यातून निवड करून आय.सी.टी.पी. ८२०३ हा वाण तयार झाला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्र व आंध्र प्रदेशासाठी प्रसारित झाला. नव्वदीच्या दशकात महाराष्ट्रात तो लाखो हेक्टरांवर पेरला जात होता.

तोपर्यंत त्यात लोह किती आहे हे कुणी विचारलंच नव्हतं. २००३ मध्ये 'हार्वेस्टप्लस' हा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यामागे हॉवर्थ बुईस नावाचे अर्थशास्त्रज्ञ होते. गरिबाच्या ताटात जे रोज असतं, तेच सकस करा, असं त्यांचं म्हणणं. गोळी संपते, योजना बंद पडते, पण बी दरवर्षी उगवतं. सुरुवातीला अनेक पीक-पैदासकारांना भीती होती की खनिजं वाढवली तर उत्पन्न घटेल. (बुईस आणि रताळ्यावर काम करणारे त्यांचे तीन सहकारी यांना २०१६ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.) या कार्यक्रमात इक्रिसॅटने हजारो नमुने तपासले, तेव्हा जास्त लोह असलेले बहुतेक वाण त्याच इनियाडी कुळातले निघाले. महाराष्ट्रातले शेतकरी वीस वर्षं जी बाजरी पेरत होते, तिच्यातच खजिना होता!

मग डॉ. के. एन. राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आय.सी.टी.पी. ८२०३ मधूनच अधिक लोहाची झाडं निवडली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या धुळे केंद्राबरोबर चाचण्या झाल्या आणि २०१२ मध्ये महाराष्ट्रात 'धनशक्ती' हा वाण आला. भारतातलं हे पहिलं जैवसंपृक्त बाजरीचं वाण. जळगाव जिल्ह्यातल्या पाचोऱ्याच्या निर्मल सीड्सने ते बियाणं शेतकऱ्यांपर्यंत नेलं. किलोला ७१ मिलिग्रॅम लोह आणि ४० मिलिग्रॅम जस्त. मूळ वाणापेक्षा लोह ९ टक्के जास्त आणि उत्पन्नही ११ टक्के जास्त. म्हणजे पैदासकारांची भीती इथे तरी खोटी ठरली. २०१४ मध्ये ते देशभरासाठी अधिसूचित झालं.

भाकरी खाऊन फरक पडला का?

दाण्यात लोह असणं वेगळं आणि रक्तात उतरणं वेगळं. खडूच्या गोष्टीतला फायटिक आम्लाचा पहारेकरी बाजरीतही उभा असतोच. म्हणून प्रत्यक्ष चाचण्या झाल्या, आणि त्या आपल्याच माणसांवर झाल्या.

पहिली बेळगावला. तिथल्या डॉक्टरांनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर साधारण दोन वर्षांच्या ४० मुलांना बाजरीचे पदार्थ खायला दिले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार साध्या बाजरीतून दिवसाला ०.२३ मिलिग्रॅम लोह शोषलं गेलं, तर जैवसंपृक्त बाजरीतून ०.६७. जस्तही ०.६७ वरून ०.९५ मिलिग्रॅमवर गेलं.

दुसरी तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. १२ ते १६ वर्षांच्या २४६ शाळकरी मुलामुलींना सहा महिने दिवसातून दोनदा भाकरी. निम्म्यांना लोहयुक्त बाजरीची, निम्म्यांना साध्या बाजरीची. सुरुवातीला दर दहांतल्या चार मुलांच्या शरीरात लोहाचा साठा कमी होता. अशा मुलांपैकी लोहयुक्त भाकरी खाणाऱ्यांची कमतरता भरून निघण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या १.६४ पट ठरली. याच अभ्यासातल्या काही मुलांची पुढे लक्ष आणि स्मरणशक्तीची तपासणी झाली, त्यातही लोहयुक्त भाकरीच्या गटाची प्रगती जास्त दिसली. ते निष्कर्ष २०१८ मध्ये आले. अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून ज्या पोरांना छड्या मिळाल्या असतील, त्यांच्यातल्या काहींना खरं म्हणजे लोह हवं होतं!

तिसरी चाचणी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या एक-दीड वर्षांच्या बाळांवर झाली. २०२२ मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांत दोन गटांमध्ये एकंदरीत ठळक फरक आढळला नाही. हेही सांगितलं पाहिजे. एवढीशी बाळं खाणार किती, आणि आजारपणं किती! भाकरी औषध नाही. रोज, वर्षानुवर्षं, पुरेशी खाल्ली तर ती आधार आहे.

न दिसणारं सोनं

धनशक्तीनंतर बरंच काम झालं. २०१८ मध्ये भारताने नियम केला की बाजरीचं नवं वाण मान्य व्हायचं तर त्यात किलोला किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त हवंच. असा नियम करणारा भारत हा पहिलाच देश. त्याच सुमारास मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) केंद्राने ए.एच.बी. १२०० हे लोहयुक्त संकरित वाण दिलं, परभणीने 'परभणी शक्ती' ही ज्वारी दिली आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एम.ए.सी.एस. ४०२८ हा जास्त जस्त, लोह आणि प्रथिनं असलेला बन्सी गहू दिला. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी १९४६ साली रोवलेल्या रोपट्याचं हे फळ.

तरीही गाडी अडते ती बाजारात. सोनेरी तांदूळ लगेच ओळखू येतो, आणि तेच त्याला भोवलं. लोहयुक्त बाजरी दिसायला चारचौघींसारखी, आणि तेच तिला भोवतंय. अडत्या दाण्याचा टपोरेपणा बघतो, त्यातलं लोह बघत नाही. शेतकऱ्याला त्याचा जादा भाव मिळत नाही. धनशक्तीचं बियाणं घरचं राखून पेरता येतं, पण जास्त उत्पन्नासाठी शेतकरी संकरित वाण घेतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. वर बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं, भाकरी थापायला वेळ लागतो आणि रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळतात. बाजरी हळूहळू ताटातून उतरते आहे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा पंचतारांकित हॉटेलांत बाजरीचे केक झाले. पण खानदेशातल्या मजुराच्या मुलीच्या डब्यात भाकरी आहे की बिस्किटाचा पुडा, हा खरा प्रश्न आहे.

प्रश्न किती मोठा आहे ते एका आकड्यावरून कळतं. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील सुमारे ६९ टक्के मुलांना पंडुरोग आढळला. आधीच्या पाहणीपेक्षा हे आकडे वाढलेले होते. लूसी विल्स मुंबईला उतरली त्याला नव्वदहून अधिक वर्षं झाली होती.

आणि आपण?

इथे बसून आपण काय करायचं, असं कुणी विचारेल. एक तर आपल्या घरात डोकावायचं. अंगात लोह कमी असलेल्या बायका-मुली मेडनहेड-स्लाव परिसरातल्या आपल्या घरांतही आहेत. थकवा म्हणजे नुसता कामाचा शीण असं समजून त्या अंगावर काढतात. शंका आली तर जी.पी.कडे जाऊन रक्त तपासून घ्यावं. जेवणावर लिंबू पिळावं, कडधान्यांना मोड आणावेत, इडली-डोशाचं पीठ आंबवावं. मोड आणल्याने आणि आंबवल्याने फायटिक आम्ल कमी होतं, लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. जेवणाबरोबरचा चहा मात्र तासभर पुढे ढकलावा, तो लोह अडवतो. आपल्या आयांना फायटिक आम्ल माहीत नव्हतं, पण उसळीवर लिंबाची फोड ठेवायला त्या कधी विसरल्या नाहीत. बाजरीचं पीठ इथल्या गुजराती दुकानांत मिळतं. मुलांना भाकरी आवडत नसेल तर बाजरीची धिरडी करून बघा.

दुसरं म्हणजे गावाकडे. आपल्यातल्या अनेकांच्या शेती अजून आहेत, भाऊ-चुलते त्या कसतात. सुटीत गेलो की आपण पिकाचा भाव विचारतो, पाऊस विचारतो. त्याबरोबर कोणतं वाण पेरलं हेही विचारावं. राहुरी, परभणी, धुळे इथे तयार झालेलं बियाणं आपल्याच माणसांसाठी आहे. कुणी मागितलं तरच ते दुकानात येणार, आणि दुकानात आलं तरच शेतात पोचणार.

टोगोतल्या कुठल्याशा शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या जपलेलं मूठभर बी पाटनचेरूमार्गे नगरच्या शाळेतल्या भाकरीत आलं. त्या शेतकऱ्याला आपलं गाव माहीत नव्हतं आणि आपल्याला त्याचं नाव माहीत नाही. येत्या भोगीला तव्यावर भाकरी टाकाल तेव्हा मुलांना एवढं जरूर सांगा, की हा करडा, साधा दिसणारा दाणा आफ्रिकेतून निघून महाराष्ट्रात राहिला, आणि तिथल्या पोरांच्या अंगात रक्त भरायला अजूनही मदत करतो आहे.